सुईचा मान

गोठ्याच्या पडवीत नऊ वस्तू होत्या. जर्मनची एक ताटली, काठ चेपलेला एक पेला, एक गडवा, एक वाकळ, तिच्याखाली अंथरलेलं एक पोतं, दोरीवर वाळत घातलेली दोन लुगडी, एक फणी आणि फिनाईलची अर्धी बाटली. पहिल्या आठ आचलच्या होत्या. नववी तिच्या सासूची. सून जिथून उठे तिथे रुख्मिणीबाई येऊन फिनाईल शिंपडत, आणि त्या वासानं गाई माना फिरवत.

सन दोन हजार तीनचा डिसेंबर होता. नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली रक्षा सुटीत आंजीला आली, तेव्हा घरात रोजचीच गडबड होती. आंगणात मेथीच्या जुड्या बांधून होत होत्या, तिचे वडील सदाशिवराव वर्ध्याच्या बाजारातला भाव सांगत होते, धाकटा भाऊ अंकित फुलकोबीची पोती मोटारीत चढवत होता. सगळे होते, फक्त वहिनी नव्हती. रक्षानं विचारलं तेव्हा आईनं हनुवटीनं गोठा दाखवला.

"हात नोको लावू तिले," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "रक्तपिती हाय ते. पाय पाह्य तिचे, म्हणजे समजन तुले."

रक्षानं पाय पाहिले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मसुरीच्या डाळीएवढे लालजांभळे ठिपके, काही एकमेकांत मिसळून रुपयाएवढे झालेले, हाताला किंचित उंच लागणारे. तिनं एकावर बोट दाबलं. साधा पुरळ असता तर दाबल्यावर फिका पडला असता. हा पडला नाही. म्हणजे रक्त कातडीखाली सांडलेलं होतं. रक्तपितीचे, म्हणजे कुष्ठरोगाचे, डाग तिनं पाहिलेले होते. ते असे नसतात.

"ताई, घरात गेल्यावर सासूबाई आंघोळ कराले सांगतीन तुमाले," आचल म्हणाली. तिचा चेहरा हळदीसारखा पिवळट आणि फार दमलेला होता. "मले पडवीचं काई नाई वाटत. गाई टोमणे मारत नाईत. तेवढं बरं हाय."

आचल कारंजा घाडग्याची. लग्नाला चार वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता, म्हणजे एक कमीपणा आधीच तिच्या नावावर होता. गेल्या हिवाळ्यात दुसरा आला. या घरात भाजी धुणं सुनेकडे असे. पहाटे टाक्याच्या गार पाण्यात गुडघाभर उभं राहून पालक, मेथी, मुळे धुवायचे. हिवाळा लागला आणि तिच्या पायांवर ठिपके उठू लागले. सांधे धरले, तळव्यांची आग होऊ लागली, रात्री नाकातून रक्त येऊ लागलं. बाजारातल्या एका डॉक्टरानं तपासणी करून संधिवात ठरवला आणि सुजेवरच्या सुया दिल्या. महिनाभर बरं वाटलं, मग दुप्पट वाईट. तेव्हा रुख्मिणीबाईंनी शेजारणीचं ऐकून निदान आपणच केलं. या वेळी इलाजही त्यांनीच ठरवला: गोठा.

नवरा, म्हणजे रक्षाचा थोरला भाऊ नीलेश, दिवसातून कितीदा तरी पडवीवरून जाई. जाताना चपलांकडे बघून जाई.

त्या संध्याकाळी आईनं दोन भाकरी वरून, हात न लागू देता, जर्मनच्या ताटलीत टाकल्या. रक्षानं स्वतःचं ताट घरात ठेवलं, पडवीत येऊन पोत्यावर बसली आणि आचलच्याच ताटलीतला तुकडा मोडला. रुख्मिणीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या तोंडावर किळस होती, ती सुनेची की लेकीची हे त्यांनाही सांगता आलं नसतं. रक्षालाही किळस आली होती. ताटलीची नव्हे.

जेवताना आचलनं हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. हिंगणघाटचे मनोहरराव नावाचे व्यापारी आपली मुलगी दाखवायला येणार होते. त्याआधी तिनं सोडचिठ्ठीवर सही करून कारंजाला जायचं होतं. भाऊ न्यायला आला तर त्याच्यासोबत, न आला तर एसटीनं.

रक्षा वडिलांकडे गेली. वहिनीला वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवते म्हणाली. तिला वाटलं होतं, भांडावं लागेल. सदाशिवराव लगेच हो म्हणाले.

"ने ना. डाक्टरचा कागद आला का रक्तपिती हाय म्हणून, तर वकिलालेही बरं पडते," ते म्हणाले, आणि पुन्हा मेथीच्या जुड्या मोजू लागले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आचलचे पाय हातात घेऊन पाहिले. हातमोजे न घालता. आचल त्या हातांकडेच बघत राहिली. बाईंनी ठिपक्यांविषयी एकच प्रश्न दोनदा विचारला: थंडीत वाढतात का? मग रक्त काढताना त्यांनी असं काही केलं की रक्षा खुर्चीतून उठून जवळ गेली. नळी आधी कोमट पाण्यात ठेवून गरम केलेली होती, आणि रक्त भरल्यावर ती थेट कोमट पाण्याच्या थर्मासात गेली.

काही दिवसांनी बाईंनी रक्षाला त्याच रक्तातल्या पाण्याच्या, म्हणजे सीरमच्या, दोन बारीक नळ्या दाखवल्या. एक उबेत ठेवलेली, दुसरी फ्रिजमध्ये. उबेतली स्वच्छ होती. फ्रिजमधलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता, नासक्या दुधासारखा. बाईंनी ती मुठीत धरली आणि तोवर समजावून सांगितलं. आचलच्या रक्तात हिपॅटायटिस सी नावाचा विषाणू होता. तो यकृतात घर करतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. त्याच्याशी झगडायला शरीर प्रतिद्रव्यं बनवतं, आणि झगडा संपतच नसला की त्यातली काही बिघडतात. विषाणूऐवजी एकमेकांना चिकटतात, थंडीत गोठून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्या वाहिन्या सुजून झिरपतात. तेच ठिपके. संधिवाताची तपासणी चुकीची दिसली ती याच प्रतिद्रव्यांमुळे. आणखी काही प्रतिद्रव्यं तिच्याच रक्तातल्या पेशी मोडत होती. म्हणून अंग पिवळं, आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट जिथे दीड लाख हव्यात तिथे अडतीस हजार.

बाईंनी मूठ उघडली. गाळ विरघळून नळी स्वच्छ झाली होती.

"हा ताटातून, पेल्यातून, शिवण्यातून होत नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातून रक्तात जातो. आणि रक्तपिती असती तरी माणसाला गोठ्यात ठेवायचं कारण नव्हतं. हिला कधी रक्त चढवलंय?"

नाही.

"मग सुया. कुणाकडून घेता?"

रक्षाच्या डोळ्यांसमोर घरची ओसरी उभी राहिली.

त्या घरात सुईचा दिवस असे. भाजीचा हंगाम भरात आला की सदाशिवराव पुंडलिकरावाला बोलावत. पुंडलिकराव पूर्वी एका डॉक्टराकडे पुड्या बांधायचा, आता लुनावर फिरून गावोगाव सुया द्यायचा. लोक त्याला डाक्टर म्हणत. ताकदीची लाल सुई, सगळ्या घराला, एका दिवशी. आसपासची घरं पोळ्याला बैल सजवून मिरवत, तसे सदाशिवराव हे मिरवत. आपण माणसांच्या अंगावर खर्च करतो म्हणत. आणि त्या सुईला मान होता. पहिली घरच्या कर्त्याला, मग थोरल्या लेकाला, मग धाकट्याला, मग बायकोला, मग लेकीला. सर्वांत शेवटी सुनेला. पिचकारी एक, सुई एक. पुंडलिकराव ती सकाळी घरून उकळून आणी, गंजक्या डबीत, आणि बोथट झाली की आंगणातल्या दगडावर घासून घेई. मध्ये कुणी पुसली तर धोतराच्या सोग्यानं.

ज्या घरात एकानं तोंड लावलेला पेला दुसरा घासल्याशिवाय घेत नसे, त्या घरात माणसं एकमेकांचं उष्टं रक्त मानानं, रांगेनं, बाही वर करून घेत होती.

"घरात कुणाचं ऑपरेशन? रक्त?" बाई विचारत होत्या.

"बाबांना," रक्षा म्हणाली. "चौऱ्याण्णव साली ट्रॅक्टर उलटला होता. तीन बाटल्या चढवल्या. अजून सांगतात सगळ्यांना."

"तेव्हा बाटलीतलं रक्त यासाठी तपासत नसत," बाई म्हणाल्या. "घरातल्या सगळ्यांचं तपासायला हवं. तुझंही."

"मी अठ्ठ्याण्णवपासून होस्टेलला आहे."

"आणि त्याआधी?"

त्याआधी घरात सून नव्हती. रांगेत शेवटची रक्षाच होती.

घरी आल्यावर रक्षानं वडिलांना सगळं सांगितलं, शक्य तितकं सोपं करून. सदाशिवरावांनी मन लावून ऐकलं आणि त्यातलं हवं तेवढं घेतलं. रक्तात रोग आहे, लिव्हरचा आहे, महागाचा आहे. म्हणजे पोरीच्या बापानं आमच्या गळ्यात घातला. सुईची गोष्ट निघाली तेव्हा ते हसले. पुंडलिकराव सुई उकळतो, म्हणाले, आणि तीन बाटल्या परक्याचं रक्त पेलून मी हा उभा आहे, मला काय झालं? आईनं एवढंच विचारलं की हे कागद पाहुण्यांपासून लपवता येतील ना. नीलेश चपलांकडे बघत होता.

आचल पडवीतच राहिली. फक्त भाजी धुणं थांबलं, कारण रक्षा पहाटे टाक्यात उतरू लागली.

मनोहरराव आणि त्यांची बायको कुंताबाई रविवारी दुपारी आले. मुलीला आणलं नव्हतं. आधी घर पाहू म्हणाले. पोहे झाले, चहा झाला, वाडीची एक चक्कर झाली. आचल आदल्या दिवशी कारंजाला गेली, असं पाहुण्यांना सांगण्यात आलं. ती गेली नव्हती. भाऊ आला नव्हता आणि सही तिनं केली नव्हती. पडवीपुढे तुरीच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या.

मग ओसरीसमोर लुना थांबली.

सदाशिवरावांनी बेत मुद्दाम जुळवला होता. पाहुणे आहेत, सुईचा दिवस आजच करू. घर कसं माणसांची काळजी घेतं, हे दिसू दे. पुंडलिकरावानं बाजेवर फडकं पसरलं, डबी उघडली, लाल औषध ओढलं. पहिला मान घरच्या कर्त्याचा. सदाशिवरावांनी बाही सारली. सुई दंडात गेली, बोथट होती म्हणून दोनदा गेली, आणि पुंडलिकरावानं दट्ट्या जरा मागे घेतला तेव्हा काचेच्या नळीत, लाल औषधात, रक्ताची एक काळसर दोरी वळत वर आली. लहानपणापासून तिनं हे कितीदा पाहिलं होतं. त्या दोरीला ती फूल म्हणायची.

"आता पाहुण्याले द्या," सदाशिवराव म्हणाले. "दुसरा मान आज तुमचा, मनोहरराव. नाई म्हनू नका."

मनोहररावांना नाही म्हणता येईना. होऊ घातलेल्या व्याह्याचा मान मोडायचा कसा? त्यांनी सदऱ्याचं बटन काढलं. पुंडलिकराव तीच पिचकारी, तीच सुई, उरलेलं तेच औषध घेऊन त्यांच्याकडे वळला.

रक्षा दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाही खाली करा, मामा," ती म्हणाली. "त्या नळीत बाबांचं रक्त आहे. तुम्हाला दिसत नसेल तर उजेडात धरते."

पुंडलिकराव म्हणाला, मी चाळीस गावं करतो, माझ्या हातानं कुणी मेलं नाही. रक्षानं त्याच्या हातातली पिचकारी घेतली. तिनं फेकली नाही, आपटली नाही. फडक्यावर ठेवली आणि पाहुण्यांना सांगितलं की या घरची सून कारंजाला गेलेली नाही. ती गोठ्यात आहे. तिला जो रोग आहे तो अशाच सुईनं जातो.

सदाशिवरावांचा आवाज चढला. शिकवून चूक झाली, म्हणाले, बापाची इज्जत चारचौघांत काढते. मग पाहुण्यांकडे वळून समजावू लागले: पोरगी नासकी निघाली, माहेरून रोग घेऊन आली, आम्ही फसलो, त्यात आमचा काय दोष.

पेंढ्या हलल्या. आचल पडवीतून बाहेर आली. तिनं पातळ पोटऱ्यांपर्यंत उचलून धरलं होतं, पाय दिसावेत म्हणून. चालताना तळवे पोळत असावेत, कारण ती टाचांवर चालत होती. ओसरीच्या पायरीशी ती थांबली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "मले एकच सांगा. सुईचा पयला मान तुमचा. शेवटचा माहा. मंग रोग वरून खाली आला, का खालून वर गेला?"

अंकितच्या तोंडून अभावितपणे "बरोबर हाय" एवढं निघालं आणि आईनं त्याच्याकडे पाहिल्यावर तो गप्प झाला.

"आन सोडचिठ्ठीवर सही मी करत नाई," आचल पुढे म्हणाली. "गोठ्यातही राहत नाई आता. घरात कोणाले किळस येत असन तर त्यानं जावं गोठ्यात."

कुंताबाई उठल्या. कुणाला न विचारता पेंढ्यांमागे गेल्या. ताटली, पेला, पोतं, फिनाईलची बाटली, सगळं त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं, आणि परत येऊन नवऱ्याच्या सदऱ्याचं बटन स्वतः लावलं.

"माही पोरगी या घरात येत नाई, तो विषय संपला," त्या सदाशिवरावांना म्हणाल्या. "पन भाऊ, सून नासकी हाय म्हनून तुमी गावभर सांगून राह्यले. तुमचं रक्त चोख हाय, हे कोनं पाह्यलं? का तपासाले भेव वाटते?"

भेव हा शब्द सदाशिवरावांना आजवर कुणी लावला नव्हता. त्यांचा चेहरा तापला. तीन बाटल्या पेललेला माणूस सुईला भिईल का? उद्याच्या उद्या सगळं घर वर्ध्याला नेतो, म्हणाले. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ द्या.

"पन एक हाय," ते म्हणाले. "पयले माहं रक्त घ्यावं लागन."

पुंडलिकरावानं पिचकारी आणि सुई डबीत घालून डबी बंद केली. रक्षानं ती त्याच्या हातून काढून घेतली. सुई तिनं दगडाखाली ठेवून वाकवली आणि परसात पुरली. तो शिव्या देत लुनावर बसला. पुढच्या गावासाठी त्याच्या पिशवीत दुसरी डबी होती. रक्षाला ती दिसली, आणि आपल्या घरासोबत हे संपलेलं नाही हेही दिसलं. त्या रात्री ती माजघरात आचलशेजारी निजली. नीलेशनं न सांगता गोठ्यातली वाकळ आत आणून दिली. बोलला नाही, पण या खेपेला त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. आचलनं तोंड फिरवलं.

सोमवारी दवाखान्यात सगळे बाकावर रांगेनं बसले. मानाच्या रांगेनं. कुणी ठरवलं नव्हतं, सवयीनं तसेच बसले. नर्सनं प्रत्येकासाठी नवी पिचकारी कागद फाडून काढली आणि वापरून झाली की सुईसकट डब्यात टाकली. रुख्मिणीबाई प्रत्येक कागद फाटताना बघत होत्या. "एवढ्या फेकून देता?" त्यांनी विचारलं. नर्स हो म्हणाली. त्यांनी आयुष्यात घेतलेल्या सुया त्या मनात आठवत असाव्यात, कारण बराच वेळ त्यांनी दंडावरचा पदर सोडला नाही.

आचलचं रक्त पडताळणीसाठी पुन्हा घेतलं. तिच्या उपचाराचं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं. औषध आहे, महाग आहे, प्लेटलेट जरा वाढल्या की सुरू करू, आणि तेही दर आठवड्याला सुईनंच द्यायचं, दर वेळी नव्या. आचल हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. सदाशिवराव खर्चाचं काही बोलणार होते, पण हातावर कापूस धरून बसले होते, तसेच बसून राहिले.

आचल उठल्यावर रांगेत कुणी उरलं नव्हतं. नर्स सामान आवरू लागली. तेव्हा रक्षा पुढे झाली आणि शेवटच्या जागी बसून तिनं बाही वर केली.

अहवाल शुक्रवारी आला. मर्यादेचा आकडा ०.३५ होता. वाचन त्याच्या खाली असेल तर विषाणूची बाधा नाही, वर असेल तर बाधा झालेली आहे.

सदाशिवराव, २.९१. नीलेश, १.७६. अंकित, ०.०८. रुख्मिणी, ०.११. आचल, २.४०. रक्षा, १.३२.